मोकळे हात

आपल्या प्रहसनांत बहिऱ्या माणसाची जागा ठरलेली आहे. पडदा वर जातो तेव्हा कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत एक आजोबा कानामागे हात धरून बसलेले असतात. कुणीतरी घाईघाईने येऊन सांगते, "पाहुणे आले हो!" आजोबा म्हणतात, "पावणेआठ झाले? मग पाने वाढा!" आणि प्रेक्षागृह खदखदून हसते. नाटककाराला दुसरा विनोद सुचेपर्यंत आजोबांनी असे तीन-चार वेळा चुकीचे ऐकायचे आणि खरी गोष्ट सुरू झाली की काठी टेकीत आत निघून जायचे. या आजोबांनी उभ्या आयुष्यात काय उद्योग केला, कुठल्या कचेरीत खर्डेघाशी केली की कुठल्या पेठेत दुकान चालवले, हे विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. जणू बहिरेपणा हाच त्यांचा धंदा!

आपल्या भाषेनेही या माणसाला फारसे बरे वागवलेले नाही. दोघांचे जमत नसले की आपण 'आंधळ्या-बहिऱ्याची गाठ' म्हणतो. कुणी आपले म्हणणे मनावर घेत नसला की त्याने बहिऱ्याचे सोंग घेतले असे ठरवतो. सरकार दाद देत नसले की तेही बहिरे! शिवाय 'बहिरा' या शब्दाच्या पाठोपाठ 'मुका' हा शब्द न बोलावता येऊन बसतो. वास्तविक जन्मापासून ऐकू न येणाऱ्या माणसाच्या घशात वा जिभेत बहुधा कसलाही दोष नसतो. शब्द कानी पडले नाहीत म्हणून ते ओठी आले नाहीत, एवढेच. आणि तो बोलत नाही, हे तरी कुठे खरे आहे? तो हातांनी बोलतो, भुवयांनी बोलतो, खांदे उडवून बोलतो. त्याच्या सांकेतिक भाषेला तिचे स्वतःचे व्याकरण असते. ती मराठीची वा इंग्रजीची बोटांवर केलेली नक्कल नव्हे. म्हणूनच 'मूकबधिर' हा शब्द आज अनेक कर्णबधिरांना रुचत नाही.

हसण्याची ही पायरी ओलांडून आपले साहित्य आणि विशेषतः आपले चित्रपट पुढे गेले आहेत, यात शंका नाही. हसण्याच्या जागी करुणा आली, करुणेच्या मागोमाग कौतुक आले. पण एखाद्या कलाकृतीला बहिऱ्या माणसाविषयी खरोखर काय वाटते हे पाहायचे असेल, तर मला एक निराळीच कसोटी लावावीशी वाटते. त्याच्यावर कोण प्रेम करते हे पाहू नये. त्याच्यासाठी किती डोळे पाणावले हेही मोजू नये. तो कामावर जातो तेव्हा काय होते, ते पाहावे. त्याच्या शेजारच्या मेजावरचा मनुष्य त्याच्याशी कसा बोलतो? साहेबाचा हुकूम त्याच्यापर्यंत कसा पोचतो? आणि मुख्य म्हणजे, जुळवून घेण्याचे कष्ट कुणी करायचे? त्याने एकट्यानेच, की बाकीच्या चाळीस जणांनी थोडे थोडे?

या कसोटीवर चार कलाकृती लावून पाहण्याचा माझा विचार आहे. एक कादंबरी आणि तीन चित्रपट. दोन परक्या मुलखातल्या, दोन आपल्या.

पहिली कादंबरी अमेरिकेतली, कार्सन मॅक्लर्स या लेखिकेची 'द हार्ट इज अ लोनली हंटर'. ती १९४० साली प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका अवघी तेवीस वर्षांची होती. कथेचा मध्यबिंदू आहे जॉन सिंगर हा बहिरा कारागीर. दक्षिणेतल्या एका गिरणीच्या गावी तो एका जवाहिऱ्याच्या दुकानात चांदीच्या वस्तूंवर कोरीवकाम करतो. त्याचा एकुलता एक मित्र अँटोनापौलोस हाही बहिरा. तो एका फळांच्या दुकानात कामाला. सकाळी दोघे हातात हात घालून कामावर निघतात आणि संध्याकाळी बरोबर परततात. दिवसभर मुकाट्याने चांदी कोरणारे सिंगरचे हात घरी पोचताच भराभर बोलू लागतात. पुढे मित्राला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्यात येते आणि ते हात थांबतात. मग सिंगर ते खिशात कोंबून रस्तोरस्ती एकटा हिंडतो.

लेखिकेची खरी करामत यापुढे आहे. गावातली चार माणसे, एक पोरसवदा मुलगी, एक चळवळ्या, एक काळा डॉक्टर आणि एक खाणावळवाला, रात्री-अपरात्री सिंगरच्या खोलीवर येऊन त्याच्यापाशी आपले मन मोकळे करतात. तो ओठ पाहून समजून घेतो, मान हलवतो, क्वचित कागदावर दोन ओळी लिहितो. प्रत्येकाला वाटते, मला समजून घेणारा जगात हा एकच. सिंगरला काय म्हणायचे आहे, हे मात्र त्या चौघांपैकी एकालाही समजत नाही. त्याची बोटांची भाषा शिकावी असे कुणाला सुचतच नाही. दुकानाचा मालक तर त्याला कामावर ठेवतो, पगार देतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. सिंगरचा शेवट काय होतो हे मी येथे सांगत नाही. पण तो मला कधीच अनपेक्षित वाटलेला नाही. ज्याला सर्वजण ऐकवतात आणि ज्याचे कुणीच ऐकत नाही, त्याचा शेवट दुसरा कुठला व्हायचा? नोकरी असूनही माणूस किती एकटा असू शकतो, हे इतक्या स्पष्टपणे मी अन्यत्र वाचलेले नाही.

आता आपल्याकडे येऊ. गुलजारांचा 'कोशिश' १९७२ सालचा. झेंझो मात्सुयामा या जपानी दिग्दर्शकाच्या १९६१ सालच्या चित्रपटावरून तो सुचलेला. पण त्याचा घरगुतीपणा पुरता आपल्याकडचा आहे. संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी हरी आणि आरती हे ऐकू न येणारे जोडपे उभे केले. संजीवकुमारला त्या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि गुलजारांना पटकथेबद्दल. तान्ह्या मुलाला ऐकू येते की नाही हे पाहण्यासाठी आईबाप खुळखुळा वाजवतात तो प्रसंग, ज्याने एकदा पाहिला तो विसरणार नाही. मूल वळून पाहत नाही, आईबापांचे काळीज फाटते. आणि मग उलगडा होतो की तो खुळखुळाच मुळी वाजत नव्हता! ज्यांना खुळखुळ्याचा आवाज ऐकू येत नाही, त्यांना तो वाजत नाही हे तरी कसे कळावे? विनोद आणि दुःख यांना असे एका चिमटीत पकडणे फार थोड्यांना साधते.

माझी कसोटी मात्र या चित्रपटाला जरा अवघड जाते. हरी कष्टाळू आहे, मानी आहे, पोटासाठी झटतो. त्याच्या कष्टांचे चित्रपटाला भारी कौतुक आहे. नावच मुळी 'कोशिश', म्हणजे प्रयत्न. पण प्रयत्न करायचा तो हरीने आणि आरतीने. भोवतालचे जग दयाळू असेल, लबाड असेल. ते आपल्या जागचे हलत नाही. चित्रपटाच्या उत्तरार्धात हरीचा मालक त्याच्या मुलाला आपली मुलगी देऊ करतो. ही मुलगीही ऐकू न येणारी. मुलगा आधी नकार देतो आणि हरी संतापतो. हा प्रसंग प्रभावी आहे खरा, पण त्यात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. ज्या मालकाला हरीतला माणूस पुरता दिसला, त्याच्या स्वतःच्या घरी तसे एक मूल होते. म्हणजे बहिऱ्या कामगाराची कदर व्हायला मालकाच्या पोटी बहिरे मूल जन्मावे लागते की काय? गुलजारांना असे म्हणायचे नव्हते हे उघड आहे. पण कथेतून निघते ते हेच.

तेहेतीस वर्षांनी, २००५ साली, नागेश कुकुनूर यांचा 'इक्बाल' आला. आपल्या श्रेयस तळपदेने त्यात ऐकू-बोलू न शकणाऱ्या खेड्यातल्या वेगवान गोलंदाजाचे काम केले. घरी मुलांसह पाहावा असा हा चित्रपट आहे. इक्बालच्या म्हशींना हिंदी क्रिकेटपटूंची नावे असतात आणि दारूत बुडालेला त्याचा गुरू, नसीरुद्दीन शहा, त्याच म्हशींच्या साह्याने त्याला क्षेत्ररचनेचे धडे देतो. 'कोशिश'मधली करुणा येथे ओसरली आहे. इक्बालला दया नको, चेंडू हवा आहे. हे पाऊल निश्चित पुढचे.

परंतु इक्बालची वाणी कोण? त्याची धाकटी बहीण खदीजा. ती चुणचुणीत पोर भावाचे बोलणे जगाला सांगते आणि जगाचे भावाला. ती नसती तर काय झाले असते, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. मौज अशी की क्रिकेटचे मैदान हे कामाच्या साऱ्या जागांमध्ये बहिऱ्या माणसाला सर्वांत सोयीचे! पंच षटकार हात उंचावून सांगतो, नो-बॉल हात आडवा करून सांगतो. कर्णधार दूरच्या क्षेत्ररक्षकाला हाताने चार पावले सरकवतो. हजारोंच्या गोंगाटात कुणाचेच कुणाला ऐकू जात नाही म्हणून शेकडो वर्षांत त्या खेळाने स्वतःची खुणांची भाषा घडवली आहे. ज्या मैदानावर सगळेच थोडेफार बहिरे असतात, तेथे इक्बाल वेगळा पडायचे कारणच काय? याच धाग्यावर एक अपूर्व चित्रपट गुंफता आला असता. पण चित्रपटाला ओढ होती ती जिंकण्याची. संघ त्याच्याशी कसा बोलतो यावर तो फारसा रेंगाळत नाही. अखेरीस इक्बाल जिंकतो आणि आपण टाळ्या वाजवतो. जो जिंकत नाही, जो साधा आठ तासांचा कामकरी आहे, त्याचे काय, हा प्रश्न मात्र टाळ्यांत विरून जातो.

आणि आता चौथी कलाकृती, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. 'कोडा' हा सियान हेडर या दिग्दर्शिकेचा अमेरिकन चित्रपट २०२१ साली आला. एका फ्रेंच चित्रपटावरून तो घेतलेला आहे. तेथे शेतावर गाई पाळणारे कुटुंब होते, येथे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्लॉस्टर बंदरावरचे कोळ्यांचे कुटुंब आहे. आई, बाप आणि थोरला मुलगा लिओ तिघेही बहिरे. धाकटी रूबी तेवढी ऐकणारी. सतरा वर्षांची ही पोर पहाटे बापाबरोबर मचव्यावर जाते, बिनतारी यंत्रावरचे निरोप घेते, धक्क्यावर मासळीच्या भावाची घासाघीस करते आणि मग डुलक्या घेत शाळेत जाते. तिचा गळा गोड आहे. तिला गाणे शिकायचे आहे. ती गेली तर घरच्यांचा कान आणि जीभ दोन्ही गेली. पेच असा आहे.

एके दिवशी रूबी मचव्यावर नसते आणि नेमकी त्याच दिवशी मासेमारीवर देखरेख करणारी सरकारी बाई बरोबर असते. बिनतारी यंत्रावरून हाका येतात, भोंगे वाजतात. बापलेकांना पत्ताच नाही. तटरक्षक येऊन मचवा अडवतात. दंड होतो, परवाना जातो, आणि तो परत मिळतो तो एका अटीवर: मचव्यावर एक ऐकणारा माणूस सदैव हवा. पगारी माणूस परवडत नाही. तेव्हा सगळ्यांच्या नजरा रूबीकडे वळतात.

येथे चित्रपट माझ्या कसोटीच्या अगदी गाभ्याशी येऊन पोचतो. कायद्याचे म्हणणे अवाजवी नाही; समुद्रावर हाक ऐकू न आल्यास जीव जाईल. पण त्यावर उपाय शोधताना त्या अधिकाऱ्यांपैकी एकालाही असे वाटत नाही की हाकेबरोबर दिवा लुकलुकावा, निरोप लेखी यावा, शेजारच्या मचव्यावरच्या मित्राने चार खुणा शिकाव्या. मचवा होता तसाच राहणार, बंदर होते तसेच राहणार. बदलायचे ते त्या पोरीचे आयुष्य! डॉक्टरकडे तीच दुभाषी, सरकारी सुनावणीलाही तीच. अमेरिकेत १९९० पासून अपंगांच्या हक्कांचा जो कायदा आहे, त्यान्वये इस्पितळाने आणि न्यायालयाने दुभाषा पुरवायचा असतो. अनेक कर्णबधिर प्रेक्षकांनी हे बोट ठेवून दाखवले आणि ते रास्त आहे. कथेत ताण यावा म्हणून लेखिकेने कायद्याकडे कानाडोळा केला.

तरीही हा चित्रपट थोर आहे, आणि तो एका प्रसंगामुळे. शाळेच्या कार्यक्रमात रूबी गात असते. आईबाप समोर बसलेले. आणि एकाएकी चित्रपटातला आवाजच बंद होतो. आता आपण बापाच्या जागी बसलो आहोत. मुलीचे ओठ हलताना दिसतात, शेजारची बाई डोळे टिपताना दिसते, कुणाचा चेहरा उजळताना दिसतो. बाप आपल्या मुलीचे गाणे इतरांच्या चेहऱ्यांवर वाचतो. त्या रात्री तो तिला पुन्हा गायला लावतो आणि तिच्या गळ्यावर हात ठेवून ते कंप चाचपतो. एवढा वेळ आपण त्याला ऐकू येत नाही म्हणून हळहळत होतो. क्षणभर आपल्यालाच ऐकू येईनासे झाले आणि आपण किती गोंधळलो! उपदेशाची दहा पाने जे करू शकत नाहीत ते येथे एका मिनिटाच्या शांततेने केले आहे.

पुढे रूबी गाणे शिकायला जाते. घरचे कसे निभावणार? शेवटाकडे, भरभर सरकणाऱ्या चित्रांत, आपल्याला ओझरते दिसते की बंदरावरचे ऐकणारे कोळी आता खुणा शिकू लागले आहेत, मचव्यावर सोबतीला त्यांच्यापैकीच कुणी आहे. संपले! अहो, खरी गोष्ट येथे सुरू व्हायची होती. ते खरबरीत हातांचे कोळी पहिली खूण कुणाकडून शिकले? चुकल्यावर कोण हसले? जाळे ओढताना हात गुंतलेले असतील तर बोलायचे कसे? हे सारे लेखिकेने काही क्षणांत उरकले, जणू ती एक गोड स्वप्नातली बाब आहे.

आणि ते स्वप्न नव्हते, हे सांगायला फार दूर जायला नको. त्याच मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यासमोर मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथल्या काही कुळांत बहिरेपणा वंशपरंपरेने उतरत आला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुमारे ५,७०० माणसांमागे एक बहिरा असे, तर या बेटावर १५५ मागे एक आणि त्यातल्या चिल्मार्क गावात २५ मागे एक. परिणाम काय झाला? साऱ्या गावानेच बोटांची भाषा उचलली. ऐकणारी मुले ती घरी-दारी बोलण्याबरोबरच शिकत. कोळी या मचव्यावरून त्या मचव्यावर खुणांनी बोलत. वाऱ्यात हाक पोचत नसे, पण हात दिसे. नोरा एलन ग्रोस या संशोधिकेने म्हाताऱ्या रहिवाशांना भेटून हे सारे १९८५ साली पुस्तकात मांडले. तिला असे आढळले की या म्हाताऱ्यांना अमका शेजारी बहिरा होता हे चटकन आठवतही नसे. तो कोळी होता, चांगला कोळी होता, हे आठवे. वंशपरंपरेने बहिऱ्या असलेल्यांपैकी शेवटची व्यक्ती १९५२ साली निवर्तली.

याहून मोठी गोष्ट कोणती? तेथे कुणावर दया झाली नाही, कुणाचा सत्कार झाला नाही, कुणाला विश्वविजय मिळवावा लागला नाही. बहिरेपणा नाहीसा झाला नव्हता; त्याची अडचण तेवढी नाहीशी झाली होती.

'कोडा'च्या बाबतीत एक सुंदर विसंगती आहे. पडद्यावरच्या मचव्याने जे केले नाही, ते पडद्यामागच्या मंडळींनी केले. चित्रपट काढणे हीही एक कामाचीच जागा, आणि मोठ्या गडबडीची. बहिऱ्या बापाचे काम नामांकित ऐकणाऱ्या नटाला द्यावे असा पैसेवाल्यांचा विचार चालला होता. तेव्हा आईचे काम करणाऱ्या मार्ली मॅटलिनने, जिला स्वतःला ऐकू येत नाही आणि जी १९८७ साली ऑस्कर मिळवून चुकली होती, तसे असेल तर मी नाही असे ठणकावले. बाप आणि भाऊ दोघांच्याही कामांना, ट्रॉय कॉटसर आणि डॅनियल ड्युरंट, हे बहिरे नट आले. दिग्दर्शिका स्वतः सांकेतिक भाषा शिकली. दुभाषे नेमले गेले, बहिऱ्या सल्लागार बायका आल्या. त्यांनी घराचा देखावा पाहिला आणि खुर्च्यांची मांडणीच चुकीची ठरवली: बहिऱ्यांच्या घरात बैठक अशी असते की दाराशी कोण आले ते दिसावे. ऐकणाऱ्या नेपथ्यकाराला हे सुचणे शक्य नव्हते. येथे उपकाराचा प्रश्नच नव्हता, काम अधिक चांगले झाले. मला वाटते, बहिऱ्या माणसाला कामात सामावून घेण्याचा अर्थ एवढाच आहे, आणि एवढा मोठा आहे.

एवढ्या दूरच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचा दोष असलेल्यांची नोंद ५० लाखांवर आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी जागांपैकी निदान चार टक्के अपंगांसाठी राखल्या, त्यांतली एक टक्का ऐकू न येणाऱ्यांसाठी; आणि सरकारी कचेरीने नोकराला वाजवी सोयी पुरवाव्या असेही सांगितले. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संस्थेने २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश काढला, तो २०२१ पर्यंत दहा हजारांवर नेला. कायदा झाला, कोश झाला. पण कायदा माणसाला खुर्ची देतो. संभाषण देत नाही. ते शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने द्यायचे असते.

आपला एक आवडता समज असा की ओठ पाहून त्यांना सारे समजते. घरातल्या मुलांना घेऊन हा खेळ दिवाळीत करून पाहा. आवाज न काढता आरशासमोर 'पार', 'बार', 'भार', 'मार' म्हणा. चारही शब्दांना ओठ एकसारखेच मिटतात. 'क' आणि 'ग' तर घशात होतात, ते बाहेर दिसतच नाहीत. उरलेले सारे तर्काने भरून काढायचे, आणि तेही दिवसाचे आठ तास! त्यात साहेब फळ्याकडे तोंड करून बोलत असतील, मिशीआड पुटपुटत असतील, बैठकीत चौघे एकदम बोलत असतील, तर देवही हात टेकील. आणि मग शेरा पडतो, 'लक्ष देत नाही.' शाळेतही हेच चालते. हुशार पोर मागच्या बाकावर ढ ठरते आणि पुढे जन्मभर ढ म्हणूनच वावरते.

वास्तविक लागते ते किती थोडे! बोलताना तोंडावर उजेड असावा. एका वेळी एकाने बोलावे. बैठकीतले ठराव कागदावर वा मोबाइलवर लगेच मिळावेत. आगीच्या घंटेबरोबर दिवाही लुकलुकावा. मोठ्या बैठकीला दुभाषा बोलवावा. आणि महिन्याकाठी पाच-पन्नास खुणा सर्वांनी शिकाव्या. मुंबईत २००९ च्या सुमारास ध्रुव लाक्रा यांनी 'मिरॅकल कुरियर्स' हा टपालवाटपाचा व्यवसाय बहिऱ्या तरुण-तरुणींना घेऊन उभा केला. हाक मारायची नाही, लेखी निरोप पाठवायचा, ही तेथली रीत. पत्ता शोधायला आणि पाकीट पोचवायला कान लागतात असे कुणी सांगितले? त्या धंद्यात आपण कान लागतात असे धरून चाललो होतो, इतकेच.

म्हणून मला आजच्या लेखकाकडे एक मागणे करावेसे वाटते. बहिऱ्या नायकाच्या दुःखाच्या कथा झाल्या, विजयाच्याही झाल्या. आता त्याच्या एका साध्या मंगळवाराची कथा हवी आहे. तो कचेरीत येतो, हजेरीपटावर सही करतो. शेजारच्या मेजावरचा मनुष्य, ज्याच्या घरी असे मूल नाही की नाते नाही, दोन बोटे ओठांकडे नेऊन विचारतो, चहा? दुपारी दोघांचे एका फायलीवरून भांडण जुंपते, कडाक्याचे, हातवारे करून. आणि साहेब दोघांनाही सारखेच रागावतात. ज्या दिवशी अशी कथा वाचकाला नवलाची वाटणार नाही, त्या दिवशी आपल्या कचेऱ्याही बदललेल्या असतील. साहित्य पुष्कळदा जगाच्या मागून चालते. एखादे वेळी त्याने पुढे चालायला हरकत नाही.

पुढे कसे चालावे हे दाखवणारे एक दृश्य मात्र प्रत्यक्षात घडून गेले आहे. २७ मार्च २०२२ रोजी 'कोडा'ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि बापाचे काम करणाऱ्या ट्रॉय कॉटसरला साहाय्यक नटाचे. अभिनयाचे ऑस्कर मिळवणारा तो पहिला बहिरा पुरुष. पारितोषिक देणार होती यून यो-जंग ही वृद्ध कोरियन नटी. तिने आधी खुणेने त्याचे अभिनंदन केले, मग ती सोन्याची बाहुली त्याच्या हाती दिली. तो भाषण करू लागणार, एवढ्यात तिच्या ध्यानात आले की याची जीभ म्हणजे याचे हात, आणि तेच आपण अडकवून ठेवले आहेत. तिने ती बाहुली चटकन परत घेतली आणि तो बोलत होता तोवर शेजारी धरून उभी राहिली.

या कृतीला कायदा लागला नाही, पैसा लागला नाही, फारशी विद्याही लागली नाही. समोरचा माणूस कशाने बोलतो एवढे तिने पाहिले, आणि त्याचे हात मोकळे केले.